फ्लॉरेन्सचा घंटामनोरा व त्याचे तीन स्थपति

इटलींतील फ्लॉरेन्स येथें सांता मारिया देल फ्योरे नांवाचें मुख्य ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. आपल्याकडे दीपमाळ जशी देवालयास न जोडतां स्वतंत्र उभारतात, तसा या मंदिराचा चौरस घंटामनोरा त्याच्या दर्शनी भागाजवळ, दक्षिणेस, सुटा उभा आहे. त्याची एक बाजू सुमारें ४७ फूट व उंची सुमारें २७८ फूट असून चारी कोपऱ्यांस अष्टकोनी आधारस्तंभ आहेत. त्यास 'ज्योत्तोचा मनोरा' म्हणतात. परंतु रूढ नांवावरून कर्तृत्वाचा निर्णय होत नाहीं. एकाच पोथींत तीन लेखकांचें वळण ओळखावें, तसे येथें तीन स्थपतींचे हात ओळखतां येतात.

प्रसिद्ध चित्रकार ज्योत्तो याची नेमणूक इ. स. १३३४ च्या एप्रिलांत झाली व जुलैंत पाया घातला गेला. तो १३३७ च्या जानेवारींत वारला. (फ्लॉरेन्सचें वर्ष तेव्हां २५ मार्चला सुरू होई; सबब तेथील गणनेनें हें साल १३३६ येतें.) त्याच्या हयातींत केवळ तळचा थर उभा राहिला. त्यावर आंद्रेआ पिसानो यानें शंकरपाळ्याच्या आकाराच्या शिल्पपट्टांचा व मूर्तींच्या कोनाड्यांचा भाग चढविला. पुढें फ्रांचेस्को तालेंती यानें खिडक्यांचे तीन मजले बांधून १३५९ मध्यें काम संपविलें. हे मजले वर जातां क्रमानें मोठे होत जातात. उंचीमुळें आकार लहान भासतो, ती उणीव या वाढीनें भरून निघते व खालून पाहणारास तिन्ही सारखे दिसतात.

मूळ योजना काय होती? सिएना येथील मंदिराच्या संग्रहालयांत एका मनोऱ्याचें चर्मपत्रावरील रेखाटन आहे. तें ज्योत्तोच्या योजनेवरून केलें असावें, असें अनेक पंडितांचें मत आहे. त्यांत माथ्यावर निमुळतें अष्टकोनी शिखर आहे. प्रत्यक्षांत तालेंतीनें सपाट गच्ची केली. म्हणजे प्रवासी ज्याची वाखाणणी करितात तो मनोऱ्याचा माथा ज्योत्तोचा नव्हे. हें एक चर्मपत्र नष्ट झालें असतें, तर योजना व बांधकाम यांतील हा भेद असा डोळ्यांपुढें उभा राहिला नसता.

तरी संग्राहकांस विनंती कीं, जुन्या दप्तरांत वाडा, देऊळ वा घाट यांचीं कच्चीं रेखाटनें आढळल्यास, मजकूर नाहीं म्हणून तीं टाकूं नयेत. मजकुराच्या पानांइतक्याच काळजीनें जपावींत.