एप्रिल येऊ दे!

६५ विजय, १३५ गुण, लीगच्या इतिहासातला सगळ्यात भारी सीझन. आणि शेवटी हातात काय? बॉस्टनच्या आइस हॉकी टीमची ही गोष्ट. तीही एकदा नाही, तीनदा घडलेली!

सोमवार, १ मे २०२३. डोंबिवलीत असते तर महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून दहापर्यंत लोळत पडले असते. पण मी होते बॉस्टनमध्ये, ऑनसाइट. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आम्ही आठजण, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एरवी सोमवारी सकाळी ‘वीकेंड कसा गेला’ हे विचारल्याशिवाय या मंडळींना कॉफी पचत नाही. त्या दिवशी सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. घरात कुणी गेलं की कसं होतं, तसंच.

आदल्या रात्री बॉस्टन ब्रुइन्स हरले होते.

आता तुम्ही म्हणाल, एक मॅच हरले, त्यात काय एवढं? मीही ऑगस्ट २०२२मध्ये तिथे उतरले तेव्हा असंच म्हटलं असतं. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान आणि धनराज पिल्ले. बर्फावर स्केट्स घालून काळ्या रबरी चकतीमागे (तिला ‘पक’ म्हणतात) जीव खाऊन पळणारी माणसं मी फक्त सिनेमात पाहिली होती. पण माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये एक गृहस्थ बसायचे. वय साठीच्या पुढे, जन्म बॉस्टनचा, रिटायरमेंट तोंडावर आलेली. मी मनातल्या मनात त्यांना ‘काका’ म्हणायचे. हॉकी मला काकांनी शिकवली, लंच ब्रेकमध्ये, पेपर नॅपकिनवर आकृत्या काढून.

गंमत म्हणजे त्या वर्षी अख्खं शहर नाचत होतं आणि काका मात्र ढिम्म. ब्रुइन्सने घरच्या पहिल्या १४ मॅचेस सलग जिंकल्या. लीगमध्ये असं आधी कुणीच केलं नव्हतं. मी उत्साहाने त्यांच्या डेस्कवर गेले. काका स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणाले, “एप्रिल येऊ दे.”

फेब्रुवारीत गोलकीपर लायनस उल्मार्कने स्वतःच्या गोलमधून पक मारून समोरच्या टोकाला गोल केला. गोलकीपरने! मी पुन्हा गेले. “एप्रिल येऊ दे.”

एप्रिलमध्ये प्लेऑफ सुरू होतात, एवढं मला कळलं होतं. पण एप्रिलची एवढी धास्ती कशाला? ते कळायला मला ५२ वर्षं मागे जावं लागलं.

ते दिवस, तो ऑर

नॉर्थ स्टेशनला उतरलात की वरच टीडी गार्डन, ब्रुइन्सचं घर. बाहेर एक ब्राँझचा पुतळा आहे. हा माणूस उभा नाही, बसलेला नाही, घोड्यावर तर मुळीच नाही. तो चक्क हवेत आडवा उडतोय! हा बॉबी ऑर. १० मे १९७०, मदर्स डे. सेंट लुइसविरुद्धच्या फायनलमध्ये ओव्हरटाइमच्या चाळिसाव्या सेकंदाला ऑरने गोल मारला, त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकमुळे त्याचा पाय उडाला आणि तो हात पसरून तरंगला. एका वृत्तछायाचित्रकाराने नेमका तो क्षण टिपला. बॉस्टनला २९ वर्षांनी स्टॅन्ले कप मिळाला. तो फोटो फ्रेम करून काकांच्या डेस्कवर होता. बायकोचा फोटो त्याच्या मागे (हे मी काकूंना कधी सांगितलं नाही).

ऑर खरं तर बचावपटू. पण तो बचाव करता करता पक घेऊन थेट समोर जायचा. १९६९-७०मध्ये लीगमधला सर्वाधिक पॉइंट्स मिळवणारा खेळाडू तोच, आणि बचावपटूने हे करायची ती पहिलीच वेळ. (गोल आणि असिस्ट यांची बेरीज म्हणजे खेळाडूचे पॉइंट्स.)

पण खरा कहर झाला पुढच्या सीझनला, १९७०-७१मध्ये. ७८ मॅचेस, ५७ विजय, ३९९ गोल. म्हणजे दर मॅचला पाचाहून जास्त! फिल एस्पोझिटो नावाचा दांडगा सेंटर फॉरवर्ड गोलसमोर ठाण मांडून बसायचा. त्याचे ७६ गोल झाले. तोवर एका सीझनमधला विक्रम होता ५८चा. लीगच्या पॉइंट्सच्या यादीत पहिले चौघं एकाच टीमचे : एस्पोझिटो १५२, ऑर १३९, जॉनी ब्युसिक ११६, केन हॉज १०५. गोलमध्ये जेरी चीव्हर्स. पक लागून जिथे टाके पडले असते, तिथे तिथे तो आपल्या पांढऱ्या मास्कवर टाके रंगवायचा. सहा महिन्यांत तो मास्क गोधडीसारखा दिसायला लागला असणार.

पहिल्या फेरीत समोर होते माँट्रिअल. त्यांनी गोलमध्ये उभा केला केन ड्रायडन. ६ फूट ४ इंच उंच, लॉचा विद्यार्थी, लीगमधला अनुभव जेमतेम ६ मॅचेसचा. आणि ऐका, १९६४मध्ये या ड्रायडनला निवडलं होतं ब्रुइन्सनेच! लगेच त्याला माँट्रिअलला देऊनही टाकलं होतं.

सिरीजच्या दुसऱ्या मॅचला काका वडिलांबरोबर स्टेडियममध्ये होते, वय वर्षं दहा. बॉस्टन ५-१ पुढे. दुसरा पिरियड संपला तेव्हा ५-२. वडील म्हणाले, चल, आता काय उरलंय, ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा निघू. उरलेली मॅच बापलेकाने गाडीतल्या रेडिओवर ऐकली. माँट्रिअलने सलग ६ गोल केले होते. ७-५. गाडी पार्क करूनही दोघं कितीतरी वेळ आतच बसून राहिले, म्हणे.

सातवी मॅच १८ एप्रिल १९७१ला, बॉस्टनमध्येच. माँट्रिअल ४, बॉस्टन २. ड्रायडन पुढे माँट्रिअलला कप जिंकून देऊनच थांबला.

आता कळलं ना, एप्रिल म्हणजे काय?

मग भारी कोण?

मार्चमध्ये पँट्रीत हाच वाद रोज रंगायचा. १९७१ची टीम भारी की २०२३ची? आपल्याकडे चहाच्या टपरीवर सचिन की विराट चालतं ना, अगदी तसंच. मी एक्सेलवाली मुलगी. म्हटलं, शीट काढूया.

२०२२-२३ : ८२ मॅचेस, ६५ विजय, १३५ गुण. आधीचे विक्रम होते ६२ विजय आणि १३२ गुण. दोन्ही गेले. मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती मिळवले, हे काढलं तर ८२.३ टक्के. ऑरच्या टीमचे ७७.६. म्हणजे नवी टीम जिंकली?

इथे काकांनी एक नॅपकिन पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं : १९२९-३०. ही तिसरी टीम मला माहीतच नव्हती. ४४ मॅचेस, ३८ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. ८७.५ टक्के! लीगच्या इतिहासात यापुढे आजवर कुणी गेलेलं नाही. एडी शोअर, कूनी वायलंड, गोलकीपर टायनी थॉम्पसन. अख्ख्या सीझनमध्ये ते लागोपाठ दोन मॅचेस कधी हरले नाहीत. मग फायनल आली, तीन मॅचेसची. समोर माँट्रिअल (पुन्हा तेच!). दोन मॅचेस झाल्या, दोन्ही हरले, विषय संपला. पुढच्या वर्षीपासून फायनल पाच मॅचेसची केली गेली. या बिचाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

तर अशी गंमत. या क्लबने १९२९, १९३९, १९४१, १९७०, १९७२ आणि २०११ असे सहा कप जिंकले. पण ज्या तीन सीझन्सना आकडे त्यांना सगळ्यात मोठं म्हणतात, त्यातला एकही या यादीत नाही.

अर्थात टक्केवारीवर सगळं सोडून चालत नाही. १९३०मध्ये लीगमध्ये होत्या दहा टीम्स, आणि पुढच्या दिशेने पास देण्याची सगळीकडे मुभा त्याच वर्षी मिळाली होती. ज्यांना ती युक्ती आधी जमली त्यांनी लुटलं. १९७१मध्ये १४ टीम्स, त्यातल्या आठ १९६७नंतर जन्मलेल्या. पोरांविरुद्ध गोल होणारच! २०२३मध्ये ३२ टीम्स, आणि प्रत्येकीला पगारावर सारखीच मर्यादा, ८ कोटी २५ लाख डॉलर्सची. सगळे स्टार्स एका छपराखाली गोळा करायची सोयच नाही. कॅप्टन पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेची हे दोन जुने खेळाडू अगदी तुटपुंज्या मूळ पगारावर खेळायला तयार झाले, म्हणून बाकीचं गणित जमलं. डेव्हिड पास्टरनाकने ६१ गोल केले. उल्मार्क आणि जेरेमी स्वेमन हे दोन गोलकीपर खरं म्हणजे एकाच खुर्चीचे उमेदवार. पण प्रत्येक विजयानंतर एकमेकांना अशी घट्ट मिठी मारायचे की लोक ती बघायला थांबायचे. एका पोस्टसाठी दोन उमेदवार असलेल्या कुठल्या ऑफिसात हे दिसतं, सांगा!

म्हणून माझं मत मी त्या दिवशी पँट्रीत ठणकावून सांगितलं. बघायला ऑरची टीम भारी असेल, पण काम कठीण केलंय ते २०२३वाल्यांनी. टाळ्या पडल्या. काका हसले. काय म्हणाले असतील ते तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि एप्रिल आला

पहिल्या फेरीत समोर फ्लोरिडा पँथर्स. त्यांचे गुण ९२, आमच्यापेक्षा तब्बल ४३नी कमी (हो, एव्हाना मी ‘आमच्या’ म्हणायला लागले होते). सात मॅचेसची सिरीज, चार जिंकल्या की पुढे. चार मॅचेसनंतर आम्ही ३-१ पुढे. दुखापतीमुळे त्या चारही मॅचेस बाहेर बसलेला बर्जरॉन पाचव्या मॅचला परतला. ३-३ अशी बरोबरी, शेवटची काही सेकंदं, ब्रॅड मार्शंड एकटा गोलकीपरसमोर. गेला असता तर सिरीज तिथेच संपली असती. नाही गेला. ओव्हरटाइममध्ये उल्मार्कच्या हातून चूक झाली, फ्लोरिडा ४-३. सहावी मॅच ७-५ने त्यांचीच. हा स्कोअर मी मोबाइलवर बघितला आणि मला पहिल्यांदा काकांची ती गाडी आठवली.

रविवार, ३० एप्रिल. सातवी मॅच, घरच्या बर्फावर. आधी ०-२ मागे, मग ३-२ पुढे. शेवटचा एक मिनिट उरला होता. आम्ही स्टेशनजवळच्या एका पबमध्ये, उभ्याने, शेजारच्या अनोळखी माणसांचे हात धरून. ब्रँडन माँटूरने ३-३ केलं. पबमध्ये अशी शांतता की किचनमधल्या प्लेट्स ऐकू यायला लागल्या. ओव्हरटाइममध्ये साडेआठ मिनिटांनी कार्टर व्हर्हेगीचा शॉट आत. खेळ खल्लास.

मंगळवारी मी काकांना विचारलं, “तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“छे,” ते म्हणाले. “या वेळी मला वाटलं होतं की जिंकतील. म्हणूनच बोलत नव्हतो.”

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. १९३०ची टीम हरली, पण १९२९चा कप त्याच पोरांनी जिंकला होता. १९७१ची टीम हरली, पण तिच्याकडे १९७०चा कप होता. आणि पुढच्याच वर्षी ऑर, एस्पोझिटो, चीव्हर्स पुन्हा उतरले, १९७२चा कप घेऊन आले, निर्णायक गोल पुन्हा ऑरचाच. त्यामुळे १९७१ माफ झालं. आज ते दंतकथेचा भाग म्हणून सांगतात. २०२३वाल्यांना ते ‘पुढचं वर्ष’ कुठून मिळणार? २०११चा कप बघितलेले तिघेच उरले होते : बर्जरॉन, क्रेची, मार्शंड. जुलैत बर्जरॉन रिटायर झाला, ऑगस्टमध्ये क्रेची. म्हणजे मी तुलना करत होते टीम्सची, आणि खरा फरक होता वयाचा. ऑर १९७१मध्ये २३ वर्षांचा होता, बर्जरॉन २०२३मध्ये ३७चा.

मला हे फारच लागलं, त्याला कारण होतं. त्या वर्षी माझं रेटिंग टीममध्ये सगळ्यात वरचं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात प्रोजेक्ट बंद झालं. मी डोंबिवलीला परत, काका ठरल्याप्रमाणे रिटायर. निघताना त्यांनी मला तो १९२९-३०चा नॅपकिन दिला. पासपोर्टच्या पाकिटात तो अजून आहे.

नंतरचे हिशेबही ऐकण्यासारखे आहेत. २०२२मध्ये ब्रुइन्सने काढून टाकलेला कोच ब्रूस कॅसिडी व्हेगसला गेला आणि २०२३चा कप त्यानेच जिंकला, फायनलमध्ये फ्लोरिडाला हरवून. मग फ्लोरिडाने २०२४चा जिंकला आणि २०२५चाही. त्या दुसऱ्या वेळी त्यांच्या जर्सीत कप डोक्यावर धरून एकजण वेड्यासारखा हसत होता. मार्शंड! बॉस्टनने त्याला मार्चमध्ये तिकडे पाठवलं होतं. मी काकांना मेसेज केला, “राग आला?” ते म्हणाले, “नाही गं. तो एकटा तरी त्या रात्रीतून सुटला.”

सप्टेंबर २०२५मध्ये केन ड्रायडन गेला. बातमी वाचून मला आधी काका आठवले. आयुष्यभर त्यांनी या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतीच लिंक पाठवली. तासाभराने उत्तर आलं, शब्द एकही नाही, फक्त फोटो. त्यांच्या घरातलं शेल्फ. हवेत उडणाऱ्या ऑरची ती फ्रेम, आणि तिला टेकून ड्रायडनने लिहिलेलं ‘द गेम’ हे पुस्तक. कडा झिजलेल्या, पानं पिवळी पडलेली, मध्ये खुणेला घातलेला एक पेपर नॅपकिन.