मेंदूची साल

शाळेतली मुलं विज्ञानाच्या पुस्तकात मेंदूच्या ज्या भागाला प्रमस्तिष्क म्हणून ओळखतात, त्याचा सर्वांत बाहेरचा करडा थर म्हणजे बाह्यक, अर्थात कॉर्टेक्स. लॅटिनमध्ये कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल. माणसात ती जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, पण तिच्यात सुमारे १६ अब्ज चेतापेशी असतात! आपल्या गोठ्यातल्या गायी-म्हशींच्या, शेळ्यांच्या मेंदूवरही माणसासारख्याच वळ्या दिसतात. उंदराचा मेंदू मात्र जवळपास गुळगुळीत.

सहा थरांचं बाह्यक ही सस्तन प्राण्यांचीच खासियत. जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रॉडमान यांनी पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९०९ साली त्याचा नकाशा छापला. भागांना त्यांनी नावांऐवजी ५२ पर्यंतचे क्रमांक दिले. त्यांतले काही माणसात नाहीतच. शतक उलटलं, तरी डॉक्टर आजही तेच क्रमांक वापरतात, इतकं ते काम पक्कं. क्रमांक ४ हालचालींचा. क्रमांक १७ दृष्टीचा, आणि तो डोळ्यांमागे नसून थेट डोक्याच्या मागच्या टोकाला असतो.

म्हणून तिथे मार लागून अचानक दिसेनासं झालं, तर डोळ्यांत थेंब घालत बसू नका; लगेच मोठा दवाखाना गाठा.