व्हायोलिन नसतं तर?

मंडळी, ‘व्यक्तीचा आदर’ हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो. आज तो जरा लॉस एंजेलिसच्या फूटपाथवर नेऊन बघू.

२००५ साल. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे स्तंभलेखक स्टीव्ह लोपेझ यांना पर्शिंग स्क्वेअरमध्ये, बेथोवनच्या पुतळ्यापाशी, एक गृहस्थ व्हायोलिन वाजवताना दिसले. सगळा संसार ढकलगाडीत आणि व्हायोलिनला चारांपैकी दोनच तारा. हे नॅथॅनिएल एअर्स. मूळचे क्लीव्हलँडचे. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या नामांकित संगीतसंस्थेत ते डबल बेस शिकायला गेले होते. म्हणजे माणसाहून उंच असं ते तंतुवाद्य. तिथेच स्किझोफ्रेनियानं गाठलं. शिक्षण सुटलं, पुढे घरही सुटलं. लोपेझ यांनी त्यांच्यावर लिहिलं, पुस्तक केलं, २००९ मध्ये त्यावर सिनेमाही आला. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

मला सिनेमापेक्षा त्यातली एक छोटी गोष्ट महत्त्वाची वाटते. स्तंभ वाचून लोकांनी एअर्सना वाद्यं पाठवली. पण ते राहायचे स्किड रोच्या परिसरात. तिथे हजारो बेघर माणसं रस्त्यावर झोपतात. नवं चेलो तिथे टिकणार किती दिवस? म्हणून लोपेझ यांनी ती वाद्यं ‘लॅम्प’ या संस्थेत ठेवायची असं ठरवलं. ही संस्था मानसिक आजार असलेल्या बेघरांसाठी काम करायची. वाजवायचं असेल तर तिथे यायचं.

आता सांगा, हे आमंत्रण की आमिष? कांट म्हणेल, माणसाला नुसतं साधन समजू नका. आणि इथे तर संगीताचं गाजर दाखवून माणसाला दारापर्यंत आणलंय! तरी मला यात गैर दिसत नाही, कारण ‘नाही’ म्हटल्याबद्दल शिक्षा नव्हती. एअर्स कित्येक महिने टाळाटाळ करत राहिले, मग खोलीत राहायला गेले. आधी गोळ्या घे मग किल्ली देतो, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ पासून हेच सूत्र धरलं होतं: घर आधी. साधा विचार करा ना, ज्याला दार नाही, कपाट नाही, रात्रीची सलग झोप नाही, तो गोळ्या ठेवणार कुठे आणि वेळेवर घेणार कसा?

व्याख्यानानंतर हमखास विचारतात, “सर, वेडातूनच प्रतिभा येते ना?” अहो, नाही! ज्युलियार्डला गेले ते आजाराआधीच्या मेहनतीवर. आजारानं गुरू नेले, सोबतचे वादक नेले, रियाजाची जागा नेली. जे उरलं ते आजाराच्या तावडीतून सुटलेलं आहे.

पण खरा अवघड प्रश्न पुढेच आहे. एअर्सच्या हातात व्हायोलिन नसतं तर? मी हे आपल्याकडच्या उदाहरणावरून शिकलो. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्यानं रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ संस्था सुरू केली. कर्जतला तिचं केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवातीच्या काळात त्यांना एक तरुण करवंटीनं गटारातलं पाणी पिताना दिसला. त्याला घेऊन आले, उपचार केले. मग कळलं की तो लॅबोरेटरी तंत्रज्ञानाची पदविका घेतलेला होता. ही हकीकत मी कितीतरी वर्षं सांगत आलो आणि दर वेळी पदविकेपाशी आलो की आवाज चढायचा. ‘बघा, शिकलेला होता!’ एकदा माझं मलाच ऐकू आलं आणि लाज वाटली. वाटवानी दांपत्य त्याच्यापाशी गेलं तेव्हा पदविकेचा पत्ता कुणाला होता?

रॉबर्ट गुप्ता हे तेव्हा लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे व्हायोलिनवादक होते. त्यांनी एअर्सना शिकवलं आणि २०११ मध्ये ‘स्ट्रीट सिम्फनी’ सुरू केलं. त्यांचे वादक स्किड रोवर, तुरुंगात जाऊन वाजवतात. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना कुठलंच वाद्य येत नाही.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केला होता.