न्हावा-शेव्याचा आकडा म्हणजे रायगडची निर्यात नव्हे

उरण तालुक्यातले न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातल्या प्रमुख बंदरांवर जेवढे कंटेनर चढतात-उतरतात, त्यांतले जवळपास निम्मे आज या एका बंदरातून जातात. २०२२-२३ मध्ये बंदराने सुमारे ६०.५ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरचे माप) हाताळले, २०२३-२४ मध्ये ६४.३ लाख आणि २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास. असे आकडे छापून आले की सभांमधून आणि प्रकल्पांच्या अहवालांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : रायगडची निर्यात वाढली.

हे वाक्य त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचा कोळी, आंबा बागायतदार आणि पांढरा कांदा पिकवणारा शेतकरी या तिघांच्याही मागण्या अशा वाक्याखाली दडपल्या जातात. म्हणून सरकारी व्यापार-आकडेवारी कुठून येते, काय सांगते आणि काय सांगत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असायला हवे.

“हे आकडे कोणी तरी अंदाजाने काढते”

नाही. परदेशी व्यापाराची आकडेवारी सर्वेक्षणातून येत नाही, ती कस्टम्सच्या कागदातून येते. माल बाहेर पाठवताना निर्यातदार शिपिंग बिल भरतो, माल आणताना आयातदार बिल ऑफ एंट्री भरतो. बहुतेक वेळा हे काम कस्टम्स ब्रोकर, म्हणजे आपल्याकडे अजूनही ज्याला सीएचए म्हणतात तो करतो. मालाचा कोड, वजन, किंमत, कोणत्या देशाला, कोणत्या बंदरातून हे सारे त्यात असते. या नोंदी कोलकात्यातल्या डीजीसीआयएस या केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे जातात. तिथे त्यांची बेरीज होते आणि वाणिज्य मंत्रालय ती प्रसिद्ध करते.

यात अंदाज नसतो, पण भरणाऱ्याची घाई आणि बेफिकिरी मात्र उतरते. ब्रोकरच्या कार्यालयात एखादा रकाना सवयीने भरला गेला, की तीच सवय देशाच्या आकडेवारीत जाऊन बसते. रायगडच्या बाबतीत असे होण्याची भीती मोठी आहे.

“बंदर आमचे, म्हणजे निर्यात आमची”

न्हावा-शेव्यातून नाशिकची द्राक्षे जातात, लासलगावचा कांदा जातो, सोलापूरचे डाळिंब जाते. बंदरनिहाय आकडा फक्त इतकेच सांगतो की माल कोणत्या दारातून बाहेर पडला. तो कोणाच्या शेतात पिकला किंवा कोणत्या कारखान्यात बनला, हे त्यातून कळत नाही.

गंमत अशी की बंदरनिहाय आकडा त्या दाराबद्दलही पुरते सांगत नाही. दिल्लीजवळच्या तुघलकाबाद इथल्या अंतर्गत कंटेनर डेपोत जो माल कस्टम्समधून सुटतो, तो रेल्वेने न्हावा-शेव्याला येऊन जहाजावर चढतो, पण व्यापाराच्या आकडेवारीत त्याची नोंद तुघलकाबादच्या नावावर होते. त्यामुळे बंदर प्राधिकरणाने मोजलेले कंटेनर आणि डीजीसीआयएसने त्या बंदरासमोर दाखवलेले रुपये यांचा मेळ बसत नाही. तो बसायलाही नको, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शिवाय टीईयू कंटेनर मोजते, माल नाही. त्यात आयातीचे कंटेनर येतात आणि रिकामे परत जाणारेही येतात. आतला माल सोन्याचा की भंगाराचा, याचा टीईयूशी संबंध नाही.

धरमतरच्या खाडीत याच्या उलट चित्र दिसते. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल तिथे उतरतो. त्यातला बराचसा आधी रत्नागिरीतल्या जयगडला मोठ्या जहाजांतून येतो आणि मग लहान जहाजांनी धरमतरला पोहोचतो. धरमतरचे टन परदेशी व्यापारात धरले, तर किनारी वाहतूकच आयात म्हणून मोजली जाते आणि तोच माल दोनदा मोजला जातो. दिघी, धरमतर अशी लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात, न्हावा-शेव्याच्या आकड्यात ती नसतात.

मग रायगड जिल्ह्याची निर्यात किती, हे कुठे पाहायचे? १५ फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य आणि मूळ जिल्हा लिहिणे सक्तीचे झाले. त्याच रकान्यावरून आता जिल्हानिहाय निर्यात निघते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निर्यात’ या सरकारी पोर्टलवर आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या माहितीत ती पाहता येते. २०२० च्या आधीचे जिल्ह्याचे आकडे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर ते कोणत्या कागदावरून काढले हे विचारा.

या रकान्याचा दर्जा जपणे आपल्याच हातात आहे. श्रीवर्धनच्या बागेतला हापूस वाशीच्या बाजारातून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि सहारच्या विमानतळावरून परदेशी उडाला, तर मूळ जिल्हा म्हणून रायगड लिहिले जाईलच याची खात्री नाही. व्यापाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता मुंबईचा, म्हणून सवयीने मुंबई लिहिली गेली की बाग आकडेवारीतून गायब. मासळीचेही तसेच आहे. रेवस-करंजाच्या बोटी ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला माल उतरवतात आणि तिथेच त्या मासळीची रायगडशी असलेली ओळख तुटते. दुसरीकडे तळोज्यात मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत. दुसऱ्या राज्यात पकडलेली मासळी तिथे गोठवून निघाली, तर ती रायगडच्या नावावर लागू शकते.

“मासळीची निर्यात वाढली, म्हणजे मच्छीमाराला पैसा मिळाला”

कोचीचे मुख्यालय असलेले एमपीईडीए, म्हणजे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, दरवर्षी मासळी निर्यातीचे आकडे देते. २०२२-२३ मध्ये भारताने १७,३५,२८६ टन मासळी पाठवली, तिचे ६३,९६९ कोटी रुपये आले, डॉलरमध्ये ८.०९ अब्ज. पुढच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, वजन वाढून १७,८१,६०२ टन झाले, पण रुपये उतरून ६०,५२४ कोटींवर आले आणि डॉलर ७.३८ अब्जांवर.

आता कोणते मथळे निघतील पाहा. वजन धरले तर निर्यात पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढली. रुपये धरले तर सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटली. डॉलर धरले तर जवळपास नऊ टक्क्यांनी घटली. तिन्ही मथळे खरे आहेत आणि तिन्ही एकाच अहवालातून निघतात. रुपया आणि डॉलरमधला फरक विनिमय दराचा आहे : डॉलर महाग झाल्याने रुपयांतली घट कमी दिसली.

इथे एक भागाकार करायची सवय लावून घ्यावी. किंमत भागिले वजन. पहिल्या वर्षी किलोमागे साधारण ३६९ रुपये पडले, दुसऱ्या वर्षी ३४०. एका वर्षात किलोमागे २९ रुपये गेले. किनाऱ्यावरच्या माणसासाठी या अहवालातला सर्वांत कामाचा आकडा हाच आहे आणि तो अहवालात ठळक छापलेला नसतो, स्वतः काढावा लागतो.

तोही जपून वापरायचा. २०२३-२४ मध्ये डॉलरमधल्या कमाईचा सुमारे ६६ टक्के वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. ही कोळंबी बहुतांशी तळ्यात वाढवलेली व्हेनामी असते आणि तिचा मोठा भाग आंध्र प्रदेशातून येतो. अमेरिकेत कोळंबीचे भाव पडले की ‘भारताची मासळी निर्यात घटली’ असे दिसते. मुरूडच्या बोटीने आणलेले म्हाकूल, वाकटी किंवा बोंबील यांच्या भावाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आपल्या जातीची मासळी कोणत्या ओळीत मोडते ते शोधून फक्त तीच ओळ वाचायची.

“आमच्या मालाचा आकडा सरकारकडे असणारच”

ओळ शोधायची ती कोडवरून. जगभर मालाच्या वर्गीकरणासाठी ‘एचएस’ पद्धत १९८८ पासून लागू आहे. तिचे पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपल्या सोयीने घालतो. भारताचा कोड आठ आकडी आहे. परदेशी आकड्यांशी तुलना करायची असेल तर सहा आकड्यांपर्यंतच थांबावे लागते.

आंब्याच्या जातींना भारताने वेगवेगळे आठ आकडी कोड दिले आहेत, हापूसचा ०८०४५०२१. मात्र हा कोड जातीचा आहे, गावाचा नाही. भौगोलिक मानांकन रायगडसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला आहे, पण कर्नाटकातला हापूसही याच कोडखाली जातो. कोडचा आकडा म्हणजे कोकणचा हापूस, असे म्हणता येत नाही.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची स्थिती आणखी बिकट आहे. कार्ले, खंडाळे, नेहुली भागातला हा माळा गुंफून विकला जाणारा कांदा, त्यालाही मानांकन आहे. पण ताज्या कांद्याच्या ०७०३१० या गटात बंगळुरूच्या रोज कांद्याला स्वतंत्र ओळ आहे, पांढऱ्याला नाही. तो ‘इतर’मध्ये जातो, लासलगावच्या लाल कांद्याबरोबर. पांढरा कांदा म्हणजे अलिबागचाच नव्हे, याचा अनुभव एप्रिल २०२४ मध्ये आला. डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातीवर बंदी होती आणि तेव्हा केंद्राने २,००० टन पांढरा कांदा पाठवायची मुभा दिली. परवानगी दिलेल्या तीन बंदरांत मुंद्रा आणि पिपावावबरोबर न्हावा-शेवाही होते. ‘पांढरा कांदा’ आणि ‘न्हावा-शेवा’ हे शब्द एकत्र वाचून कोणालाही अलिबाग आठवेल. प्रत्यक्षात अट गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्राची होती, म्हणजे मुभा गुजरातच्या कांद्याला होती. ४ मे २०२४ रोजी सर्वसाधारण बंदी उठली.

“एकदा जाहीर झाला की आकडा पक्का”

वाणिज्य मंत्रालय दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास आधीच्या महिन्याचे प्राथमिक आकडे देते. आठ आकडी कोडपर्यंतचा तपशील नंतर येतो आणि तोही पुढे सुधारला जातो. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर सांगितली गेली. जानेवारीत ती ९.८४ अब्जांवर आणली गेली. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नोंदी एका संगणकप्रणालीतून दुसरीत नेताना काही माल दोनदा मोजला गेला होता. पाच अब्ज डॉलरची ही दुरुस्ती मंत्रालयाने उघडपणे केली आणि ते योग्यच झाले. धडा एवढाच की ताज्या महिन्याच्या आकड्यावर कर्जाचा किंवा बोट बांधण्याचा निर्णय घेऊ नये.

“आपली निर्यात आणि त्यांची आयात सारखी असायला हवी”

नसते, आणि फरक दिसला की लगेच घोटाळ्याचा संशय घ्यायचे कारण नाही. आपण निर्यात एफओबी किमतीने मोजतो, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची किंमत. घेणारे बहुतेक देश सीआयएफने मोजतात, त्यात भाडे आणि विमा धरलेला असतो. डिसेंबरात निघालेला माल तिथे जानेवारीत पोहोचतो, आणि आपले वर्ष एप्रिल ते मार्च तर संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर ते जानेवारी ते डिसेंबर. दुबईच्या जेबेल अलीमार्गे पुढे जाणारा माल कधी दुबईचा म्हणून लागतो, कधी शेवटच्या देशाचा.

“कोणाचा माल किती गेला, हेही सरकार सांगते”

एकूण आकडे मोफत मिळतात. वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत कोड टाका, देश निवडा, वर्ष निवडा, ओळ समोर येते. शेतमालासाठी त्याच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडाचे ॲग्री एक्स्चेंज आहे, मासळीसाठी एमपीईडीए, जगासाठी कॉमट्रेड. पण एखाद्या कंपनीने काय भावाने काय पाठवले, ही माहिती गोपनीय आहे. २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्यात कलम १३५ एए आले. कस्टम्सकडे दिलेली अशी आयात-निर्यातीची माहिती कायद्याबाहेर प्रसिद्ध करणे हा त्याने गुन्हा ठरवला : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कंपन्यांच्या नावांसकट ‘आतली आकडेवारी’ विकणारा फोन आला, तर सोसायटीचे पैसे त्यात घालण्याआधी हे कलम आठवा.

अलिबागच्या कांदा उत्पादकांना एक दाखला उपयोगी पडेल. २०२५ मध्ये केंद्राने भौगोलिक मानांकन असलेल्या तांदळासाठी सीमाशुल्क तक्त्यात स्वतंत्र कोड दिले. जे तांदळाला मिळाले ते कांद्यासाठी मागता येते. मागणी विदेश व्यापार महासंचालनालयाकडे आणि अपेडाकडे लेखी जायला हवी, उत्पादक संघाच्या ठरावासह. आणि कोड मिळेपर्यंत निदान इतके करा : तुमचा माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला सांगा की शिपिंग बिलात मूळ जिल्ह्याच्या रकान्यात रायगड लिही, आणि भरलेल्या बिलाची प्रत मागून घ्या.