काडतूस घरी भरावे का?

भारतात याचे उत्तर सरळ आहे : नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याची मुभा नव्हे.

अमेरिकेत मात्र अनेक नेमबाज रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरतात. तिथला पहिला धडा सुरुवातीच्या मात्रेचा. दारूच्या उत्पादकाने छापलेल्या तक्त्यातील कमाल मात्रेच्या साधारण १० टक्के खालून आरंभ करायचा आणि थोडे-थोडे वर जायचे. अंदाजाला तिथे जागाच नाही. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दारू जेमतेम चार-सहा ग्रेन असते आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. गोळी पुंगळीत किंचित खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो, हे तर नवख्याच्या लक्षातही येत नाही.

जुन्या पेटीतल्या काडतुसावर हिरवट गंज किंवा पोचा दिसला, तर ते उघडू नका, वापरू नका; पोलीस ठाण्याला कळवा.