आठ महिन्यांचे बंदर

पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक सनावळीकडे जितके लक्ष पुरवितात तितके पंचांगाकडे पुरवीत नाहीत, आणि त्यामुळे वेंगुर्ल्यासारख्या लहानशा शहराच्या चरित्रातील मुख्य सूत्रच त्यांच्या हातून निसटते, असे आमचे मत आहे. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा, मग शिडे उभारावीत, आणि मृग लागण्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावीत, हा क्रम ज्या गावाने पिढ्यानुपिढ्या पाळला, त्या गावी परक्याने यावयाचे ते उघाडीत, म्हणजे पाऊस सरल्यावर, आणि जावयाचे ते पावसाच्या तोंडी, ही वहिवाटच पडून गेली. आणि बंदराचा व्यापार जवळजवळ आटोपला असताना, मे महिन्यात मुंबईहून येणारा चाकरमानी आज त्याच जुन्या वहिवाटीने येतो व त्याच जुन्या वहिवाटीने परततो, ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या ध्यानात बहुधा नसते.

ह्या वहिवाटीचे पहिले ठळक लाभार्थी डच होत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करावी ह्या हेतूने डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे दर उघाडीत मांडवीच्या मुखाशी येऊन ठाण मांडीत, तेव्हा त्यांस अन्नपाणी पुरविणारे जवळचे ठिकाण म्हणून वेंगुर्ले पुढे आले, आणि 1638 च्या सुमारास येथे त्यांची वखार उभी राहिलेली दिसते. ही नाकेबंदी वर्षातून सुमारे आठ महिने चाले. उरलेल्या चार महिन्यांत पहारा देण्याचे काम नैर्ऋत्येचा वारा विनामूल्य करी. 1648 साली येथून गेलेला ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गावाची वस्ती किनाऱ्याने लांबवर पसरल्याचे सांगून येथील नांगरवाड्याची तोंड भरून स्तुती करतो. जांभ्या दगडाची ती वखार पुढे तटबंदीने बळकट झाली, पण तटबंदीने शेजारी बदलत नाहीत. 1675 मध्ये मोगलांनी गाव जाळले आणि 1696 मध्ये सावंतवाडीच्या, म्हणजे वाडीकर, खेम सावंतांनी, डच वखारप्रमुखाच्या भेटीस आल्याचा बहाणा करून, वखारच लुटली. आज तिच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. वडा-पिंपळांच्या मुळ्यांनी चिरे कवटाळले आहेत, आणि येथे येणाऱ्या प्रवाशांपैकी बहुसंख्य लोक तिच्यावरून समुद्राकडे निघून जातात.

इंग्रजांची पहिली वखार 1772 ची. पण गाव त्यांच्या हाती आले ते 1812 च्या तहाने. सावंतवाडीच्या राणीसाहेबांनी वेंगुर्ले इंग्रजांस तोडून दिले, आणि किनाऱ्यावरील चाचेगिरीचा बंदोबस्त हे त्याचे कारण म्हणून कागदोपत्री नमूद झाले. ह्या तहाचा एक परिणाम असा की, बंदर इंग्रजी मुलखात आणि पाठीमागचा बहुतेक मुलूख संस्थानचा, अशी विचित्र स्थिती पुढे 1948 पर्यंत टिकली. वेंगुर्ल्याचा माणूस रत्नागिरी जिल्ह्याचा रयत, आणि काही कोसांवर राहणारे त्याचे सोयरे वाडीकर सरकारचे. दुसरा परिणाम अधिक लाभदायक होता. बेळगावच्या छावणीस लागणारा दारूगोळा, सरंजाम आणि स्वतः गोरा शिपाई ह्यांना उतरविण्यासाठी इंग्रजांस एक बंदर हवे होते. ते वेंगुर्ले ठरले. प्रथम राम घाटाने, मग आंबोलीच्या प्रशस्त सडकेने, घाटावरचा कापूस व धान्य खाली आणि मीठ, नारळ व विलायती माल वर, अशी बैलगाड्यांची रहदारी सुरू झाली आणि पेठेत दुमजली घरे उठली. त्या काळच्या साहेबलोकांचा उन्हाळा मात्र उफराटा असे: चैत्र-वैशाखात ते समुद्र टाकून आंबोलीच्या थंड हवेत चढत. पुढे ज्या महिन्यात गाव गजबजून जावयाचे होते, त्याच महिन्यात साहेबाचे बंगले रिकामे पडत.

ही भरभराट एका रेल्वेने संपविली. 1888 च्या सुमारास मुरगावाहून घाटमाथ्याकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि घाटावरच्या मालाने आपला रस्ता बदलला. बैलगाडीला आगगाडीशी स्पर्धा करता येत नाही, हे वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांना दहा वर्षांत कळले. आणि मग जो माल निर्यात करावयास उरला तो माणसांचा. तुटपुंजी भातखाचरे आणि पावसाळ्यापुरती शेती असलेल्या ह्या तालुक्यातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, छापखान्यांत आणि कचेऱ्यांत गेले. मागे राहिलेल्यांचा संसार टपालकचेरीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालू लागला. उलट दिशेने आलेल्यांत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर होते, ज्यांच्या सेंट ल्यूक इस्पितळाने ह्या आडबाजूच्या तालुक्यास वैद्यक पुरविले. तेथील गोहीन डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट 15 ऑगस्ट 1919 रोजी वेंगुर्ल्यात जन्मला, 1957 ते 1972 पर्यंत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष होता, आणि पुढे 1977 ते 1980 ह्या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून दिल्लीस आला. जन्मगाव सोडून मोठे होण्याच्या बाबतीत तोही, म्हणावयाचे तर, अस्सल वेंगुर्लेकरच ठरला.

मुंबईस गेलेल्या माणसाला परत आणणारी वस्तू म्हणजे बोट. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत वेंगुर्ल्यास येई आणि पुढे पणजीस जाई. डेकवर वळकट्या पसरून जागा धरावयाची, गाठोड्यातील दशम्या सोडावयाच्या, आणि बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगत पडावयाचे, हा त्या प्रवासाचा शिरस्ता. बंदरात पाणी उथळ असल्याने बोट दूर नांगर टाकी. मग पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत, आणि लाटेबरोबर पडाव वर उचलला गेला की नेमक्या क्षणी खलाशी पोरांना, म्हाताऱ्यांना व ट्रंकांना सारख्याच निर्विकारपणे खाली ओढून घेत. हा प्रवास निर्धोक नव्हता. 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ने बुडताना सहाशेंहून अधिक माणसे नेली. ‘रामदास’ वेंगुर्ल्याची नव्हती, तरीही भर पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये हा जुना दंडक तिच्या निमित्ताने साऱ्या कोकणाने पुन्हा एकदा पाठ केला. लांब पल्ल्याच्या बोटी तर पावसाच्या तोंडी बंदच होत; म्हणून शेवटची बोट ही चाकरमान्याच्या रजेची खरी मर्यादा असे. गिरणीचा जॉबर किंवा कचेरीतला हेडक्लार्क काय म्हणेल ह्यापेक्षा कंपनीच्या वेळापत्रकाचा धाक मोठा होता.

ह्या ऋतुबद्ध येण्याजाण्यातूनच गावात दोन समाज तयार झाले, आणि दोघांचे नाते वाटते तितके सरळ नाही. एका घराचा एक भाऊ गिरणगावातल्या खोलीत, दुसरा वडिलोपार्जित घरात. पहिला पैसे धाडी, दुसरा घर शाकारी, देवाची दिवाबत्ती करी, कुळाकडून खंड वसूल करी आणि गावऱ्हाटीतील घराण्याचा मान सांभाळी. ग्रामस्थ मंडळे स्थापन झाली ती मुंबईत, वर्गणी जमली ती मुंबईत, पण देवळाचा जीर्णोद्धार करावा किंवा नाही ह्याचा कौल घ्यावयाचा तो ग्रामदेवतेसमोर गुरवाकरवी. म्हणजे तिजोरी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे. आम्हांस ही व्यवस्था मोठी सुज्ञ वाटते. दशावतारी मंडळींनी कार्तिकात धरलेला हंगाम वैशाखात संपत आला की, चाकरमान्यांच्या हौसेखातर एखादा प्रयोग वाडीवर मुद्दाम ठरे आणि मुंबईत वाढलेली पोरे पहाटेपर्यंत संकासुराची वाट पाहत पेंगत बसत.

मे महिना बाहेरून पाहणाऱ्याला सुटीचा वाटतो, परंतु घरातल्या बायकांना विचारले तर तो वर्षातील सर्वांत कष्टाचा महिना आहे, कारण पुढील चार महिन्यांची सारी बेगमी ह्याच तीस दिवसांत उरकावयाची असते. लाकडे फोडून पडवीत रचावयाची, मिरच्या वाळवून मसाला कुटावयाचा, तांदळाच्या व पोह्यांच्या पापडांचे घाणे घालावयाचे, चिंच-आमसुले बरण्यांत भरावयाची. त्यातही रातांब्यांचे काम नाजूक: फळ फोडून बिया व गर काढावयाचा, साल उन्हात घालावयाची, आणि मिठाने मुरलेल्या त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून पुन्हा पुन्हा वाळवावयाची, तेव्हा कोठे काळसर, लवचीक सोल तयार होते, मध्येच आभाळ भरून आले तर सारी मेहनत बुरशीच्या स्वाधीन. फणसाची व आंब्याची साठे त्याच उन्हावर अवलंबून. किनाऱ्यावर बांगडा व गोलमा वाळत पडलेला असतो, आणि त्याच्या वासाबद्दल नाक मुरडणारी शहरी सून परतीच्या वेळी स्वतःच्या पिशवीत त्याची पुडी सर्वांत तळाशी लपविते. म्हणजे पाहुण्यांचे आगमन आणि गावाची घाई ही एकाच वेळी येतात. पाहुणा मदतीला हात लावतो की पायांत घोटाळतो ह्यावर त्याची वर्षभराची किंमत ठरते.

आंब्या-काजूच्या बाबतीत वेंगुर्ल्याचे नाव साऱ्या देशात पोहोचविले ते चाकरमान्याने नव्हे, तर 1957 साली येथे निघालेल्या फळ संशोधन केंद्राने. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि कोकणच्या कातळावर तो आपोआप पसरला. पण बियांपासून उगवलेल्या झाडांचे उत्पन्न भरवशाचे नव्हते. ह्या केंद्रातील निवड, संकर आणि मृदुकाष्ठ कलमांच्या प्रसारामुळे ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ ही नावे कलमांच्या खरेदी-विक्रीत रोजच्या बोलण्यातली झाली. नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून निघालेला ‘रत्ना’, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून मिळविलेला, कोय अगदी पातळ असलेला ‘सिंधू’, ही येथलीच संतती. गमतीची गोष्ट अशी की, मे महिन्यात आलेला माणूस ह्या दोन्ही फळांची मनापासून वाखाणणी करतो आणि पेटी मात्र हापूसचीच बांधून नेतो.

साहित्याच्या बाबतीत ह्या चिमुकल्या तालुक्याचे देणे अवाजवी मोठे आहे: आरवलीचे जयवंत दळवी, बागलांच्या राईचे चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्यातच जन्मलेले मंगेश पाडगावकर, आणि 1920 ते 1938 पर्यंत शिरोड्यास शिक्षकी केलेले वि. स. खांडेकर. 1930 च्या मे महिन्यातला शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह खांडेकरांच्या त्या वास्तव्यातलाच. मिठागरेही उघाडीचीच शेती, हे येथे सांगून ठेवावयास हवे. सत्याग्रहींनी मे महिना निवडला ह्यात राजकारणाइतकाच मिठाचाही वाटा होता.

आता बोट गेली. 1998 साली कोकण रेल्वे राष्ट्रास अर्पण झाली, पण ती वेंगुर्ल्यास न शिवता कुडाळ-सावंतवाडीकडून गेली, म्हणून उतारूला पुढील वीस-पंचवीस किलोमीटर एस.टी. किंवा रिक्षाने काढावे लागतात. सुमारे बारा हजार वस्तीच्या ह्या शहरापासून दूर नसलेल्या चिपीच्या माळावर 9 ऑक्टोबर 2021 रोजी विमानतळही सुरू झाला. दरम्यान 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्याने मे महिन्यात एक तिसराच समाज येऊ लागला, ज्याचे येथे ना घर, ना देव, ना भाऊबंद. त्याच्यासाठी न्याहरी-निवासाच्या पाट्या लागल्या, सागरेश्वरच्या वाळूवर गाड्या उतरू लागल्या, आणि कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण करून लौकिक मिळविलेल्या नगरपरिषदेवर उन्हाळ्यात दुप्पट भार पडू लागला. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाच्या जाळ्याचा, दोर ओढण्याची हौस ह्या पाहुण्यांना मोठी; परंतु पर्ससीनच्या जाळ्यांनी खोल पाण्यातली मासळी आधीच उचलल्याने रापणकरांच्या वाट्याला पुष्कळदा छायाचित्रांखेरीज फारसे काही येत नाही, आणि 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारी कायद्यानेच बंद होते.

खरा पेच मात्र समुद्रावर नसून तलाठ्याच्या कचेरीत आहे. तीन पिढ्या मुंबईस राहिलेल्या घराण्याच्या सातबारावर आजोबा, त्यांचे भाऊ, बहिणी व त्यांची मुले अशी वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे चढलेली असतात. खातेफोड झालेली नसते, वारसाचे फेरफार अर्धवट असतात, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे भरतीरेषेजवळ नवे बांधकाम जिकिरीचे असते. घर पडत असले तरी कोणा एकाला ते बांधता येत नाही, विकता येत नाही, आणि पाडताही येत नाही. बाहेरचा गिऱ्हाईक ह्याच गुंत्यामुळे अद्याप बेताने येतो. हा गुंता सुटला तर निम्मा किनारा दहा वर्षांत परक्याच्या नावे चढेल, अशी आमची अटकळ आहे, आणि म्हणून त्याच्या सुटण्याबद्दल आम्ही फारसे उतावीळ नाही. तालुक्यातील खेड्यांत 1 मे रोजी, महाराष्ट्रदिनी, ग्रामसभा भरते. नेमक्या त्याच आठवड्यात चाकरमानी येऊ लागलेले असतात. रस्ता कोठून न्यावा, देवळापाशी मंडप किती मोठा घालावा, परक्याला जमीन द्यावी की नाही, ह्या सर्व प्रश्नांवर मतदार यादीत नाव नसलेली ही मंडळी मागच्या बाकांवरून सर्वांत मोठ्या आवाजात बोलतात, सरपंच त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतात, आणि ठराव मृगानंतर लिहिला जातो.