बुश छोटा, नखरे मोठे

सस्पेन्शनचा बुश मुठीत मावतो. पण गाडी वळणावर रस्ता धरून राहणार की खड्ड्याखड्ड्याला दात वाजवणार, हे बरंचसं तोच ठरवतो. कंपनीचा बुश काढून लेथवर स्वतःचा घडवणाऱ्या हौशी मंडळींसाठी थोडा मसाला.

रबर फिरत नाही, पिळतं. कंपनीचं रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं. म्हणून बोल्टला शेवटचा पाना चाकं जमिनीवर टेकल्यावरच मारायचा. गाडी जॅकवर लटकत असताना आवळलात, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कुंई कुंई करणारं पॉली. ओटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत शोधलेलं पॉलीयुरेथेन रबरापेक्षा कडक करता येतं. हा बुश आतल्या नळीवर घासत फिरतो, म्हणून ग्रीस सुकलं की गाणं सुरू! त्यातही पॉलिएस्टर जातीचं पाण्याने हळूहळू कुजतं. ओल्या रस्त्यांवर पॉलिइथर जातीचं बरं.

नायलॉनला तहान फार. साधं नायलॉन ६ पाण्यात पूर्ण मुरलं, तर वजनाच्या ८-९ टक्के पाणी पिऊन फुगतं. मे महिन्यात अचूक मापात बसवलेला बुश कोकणातल्या पावसाळ्यात अडकू शकतो.

डेलरिनला पाण्याचं वावडं नाही, उष्णतेचं आहे. १९६० मध्ये ड्यूपाँने बाजारात आणलेलं हे प्लास्टिक पाणी जेमतेम एक टक्का घेतं. पण ४० मिलिमीटरचा बुश ५० अंशांनी तापला, तर साधारण ०.२ मिलिमीटर वाढतो. टर्नरला तेवढी फट ठेवायला सांगा. डेलरिनच्या जाड रॉडमध्ये मधोमध बारीक पोकळ्या असू शकतात, पण बुशला भोक नेमकं तिथेच पडतं. काम फत्ते!

बादलीची परीक्षा. तुकडा पाण्यात टाका. नायलॉन आणि डेलरिन बुडतात, यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन तरंगतं. माणसाच्या कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात, तेच हे. घासलं तरी फारसं झिजत नाही. मात्र सततच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, म्हणून जड भाराच्या जागी नको.

थ्रीडी प्रिंटरचा मोह. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माप तपासायला झकास, गाडीला कायमचं लावायला अजिबात नाही.

कडक म्हणजे भारी? छे! डेलरिनसारखा कडक बुश एकाच अक्षावर खुशीत फिरतो. १९७९-९३च्या फोर्ड मस्टँगच्या सस्पेन्शनचे मागचे वरचे आर्म फिरता फिरता आडवे पिळतातही. तिथे कडक बुश लावला की सस्पेन्शन अडतं आणि ताण ब्रॅकेटवर येतो.

तेव्हा रॉड विकत घेण्याआधी सस्पेन्शन वर-खाली करून आर्म नीट बघा. सरळ दारासारखा उघडझाप करत असेल, तर डेलरिन. तिरका झुकत असेल, तर रबर किंवा गोलाकार बेअरिंग. दुकानदाराला रंग आणि किंमत नंतर विचारा.